केसालाही धक्का

पहाटे साडेचारला मी पाण्यात क्लोरीन सोडतो.
सोलनोकच्या तरणतलावाचं तळघर,
निळी पिंपं, कोपरापर्यंत रबरी हातमोजे,
आणि काचेची एक बारीक नळी,
तिच्यात चार थेंब टाकले की पाणी गुलाबी होतं.
किती गुलाबी, ते पट्टीशी ताडायचं,
वहीत आकडा, आकड्याखाली सही:
केरेकेश ओत्तो.

सव्वापाचला वर येतो. दोनदा हात धुतो.
आणि माझ्या पोरीला
त्याच पाण्यापासून वाचवायला बसतो.

बोग्लार्काची आई ग्राझला असते.
दोन आठवडे तिथे, एका म्हातारीच्या उशाशी,
दोन आठवडे इथे.
पहिल्यांदा बसमध्ये चढली तेव्हा मी म्हणालो,
हिच्या केसालाही धक्का लागू देणार नाही.
बोलून गेलो. माणूस बोलतो.
इबोयाने ते अक्षरशः घेतलं.
फ्रिजवर कागद:

आधी नळाचं पाणी, मुळापासून टोकापर्यंत.
भिजलेला केस दुसरं पाणी पीत नाही.
मग सूर्यफुलाचं तेल. चमचाभर. वाटीभर नव्हे.
वेणी घट्ट, पण भुवया वर जातील इतकी नको.
वेणीचा अंबाडा, अंबाड्यावर टोपी.
बाहेर आली की आधी शॉवर, गप्पा नंतर.
रविवारी सफरचंदाचा व्हिनेगर.
आणि खाली, वेगळ्या पेनाने:
फणी टोकाकडून सुरू कर, ओत्तो. वरून नाही.

आता तेलाचं.
शॉवरच्या दाराशी पाटी आहे, मीच ठोकलेली:
तेल लावून पाण्यात उतरू नये.
तेल वाळूच्या गाळणीत जाऊन बसतं
आणि मग गाळणी गाळायचं विसरते.
माझी पोर रोज त्या पाटीखालून जाते,
टोपीत एक चमचा गुन्हा घेऊन.
गुरुवारी रात्री मी गाळणी उलट्या धारेने धुतो,
नेमापेक्षा सात मिनिटं जास्त.
वहीत कारणाचा रकाना कोरा.

ऑगस्टमध्ये भिंतींना शेवाळ धरलं.
मी औषध टाकलं, तांब्याचं.
आठवड्याने बोग्लार्का आरशापुढे उभी,
गव्हाच्या काडीसारखे तिचे केस,
आणि टोकांना हिरवी झाक.
"आपा, मला शेवाळ धरलं."

सगळे म्हणाले, क्लोरीन.
झोम्बोरी बाई, तिच्या प्रशिक्षक, म्हणाल्या,
कापून टाका, शंभर मीटरला तेवढाच हलकेपणा.
क्लोरीन नव्हतं ते. मला माहीत होतं.
कुणी केसाने गळा कापतं,
मी तांब्याने केस रंगवले होते,
स्वतःच्या पोरीचे, स्वतःच्या सहीने.

तीन रात्री लिंबू, व्हिनेगर, परत लिंबू.
न्हाणीघराला लोणच्याचा वास.
फोनवर आई दिसली की पोर डोक्याला टॉवेल गुंडाळायची.
चौथ्या दिवशी इबोया म्हणाली, काढ तो.
काढला.
बराच वेळ पडद्यावर नुसती तिची हनुवटी.
मग म्हणाली, "इथल्या म्हातारीला
मूठभरसुद्धा केस उरले नाहीत,
तरी रोज सकाळी वेणी मागते.
करंगळीएवढी होते. रबर बसत नाही, दोरा बांधते."
आणि मग, जरा थांबून,
"कापू नका. मी येईपर्यंत तरी."

शुक्रवारी रात्रीच्या बसने आली.
झोपलेल्या पोरीच्या वेणीत नाक खुपसलं.
"तेल जास्त झालंय," म्हणाली.
हिरव्याबद्दल एक शब्द नाही.

सकाळी मी तळघरातून वर आलो, दोनदा हात धुतले,
फणी उचलली, सवयीने, टोकाकडून.
बोग्लार्का म्हणाली, "आज आईला घालू दे ना."
दिली फणी.

बाकावर बसून राहिलो,
हात मांडीवर, मोकळे.
हुंगून पाहिले.
एकात क्लोरीन,
दुसऱ्यात सूर्यफूल,
की दोन्हींत दोन्ही.